लेकीचा डावा कान

माझ्या मुलीचा डावा कान पहिल्यांदा फुटला तेव्हा ती तीन वर्षांची होती. दोन दिवस सर्दी, ताप आणि कानावर हात दाबून सतत रडणं. तिसऱ्या दिवशी सकाळी रडणं एकदम थांबलं. ती गाढ झोपली होती आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळट, चिकट डाग पडला होता. मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप उतरला होता. सुटली एकदाची, असं मला वाटलं. दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला, एवढीच तेव्हा माझी समज होती.

आम्ही तिसगावात राहतो. माझ्या नवऱ्याचं पेठेच्या टोकाला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मी जवळच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते.

त्यानंतर प्रत्येक सर्दीला तो कान वाहायला लागला. गावातले डॉक्टर बॅटरी मारून बघायचे, थेंब लिहून द्यायचे आणि कान कोरडा ठेवा म्हणायचे. आठवड्याभरात कान सुकायचा. सासूबाई पळीत लसूण घालून तेल गरम करायला निघायच्या, मी त्यांना अडवायचे आणि त्या रागवायच्या.

"त्याला काय हुतंय? आमचे बी फुटायचे कान. ल्हानपनी समद्यांचेच फुटत्यात."

सासूबाईंना स्वतःला उजव्या कानानं ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या हाताला बसायचं, हे आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही ठाऊक होतं. कुणाला चष्मा असतो, कुणाचे गुडघे धरतात, तसं ते. त्यांचा तो कान असा का झाला, हे मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

पहिलीत मुलगी माझ्याच वर्गात आली. घरी मम्मी, शाळेत मॅडम, असं मी तिला पढवून ठेवलं होतं आणि ती ते काटेकोरपणे पाळायची. एके दिवशी मी मुलांना श्रुतलेखन दिलं. दहा सोपे शब्द. पाटी तपासायला घेतली तर हिनं पानाचं मान केलं होतं, बाळाचं माळ, बागेचं माग. शेवटचे तीन शब्द लिहिलेच नव्हते. ते शब्द सांगताना मी वर्गाच्या मागच्या बाजूला फिरत होते.

"लक्ष कुठं असतं तुझं?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही मागं गेल्या की मला दिसत नाही," ती म्हणाली.

"ऐकायला दिसावं लागतं का गं?"

सगळा वर्ग हसला. मला वाटलं, पोरगी उलट उत्तर देते आहे, आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. शिक्षकाच्या मुलीला सवलत नको, असाही एक विचार त्यात होता. ती रडली नाही. पाटी पुसून तशीच बसून राहिली.

मग आठ-दहा दिवसांनी दुकानासमोर एक गोष्ट घडली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी नवऱ्याच्या दुकानावर थांबलो होतो. मुलगी रस्त्याच्या कडेला वाकून तांब्याच्या तारेचे तुकडे गोळा करत होती. मागून कांद्यानं भरलेला पिकअप रिव्हर्स येत होता. हॉर्न वाजत होता. शेजारच्या टपरीवरचे लोक ओरडले, "पोरी, सर! ए पोरी!" दहा माणसं एकदम ओरडत होती आणि ती खाली वाकून शांतपणे तारा वेचत होती. मी कशी पोहोचले मला माहीत नाही. तिचं दप्तर धरून मी तिला मागे खेचलं तेव्हा गाडीचं मागचं फळकट माझ्या खांद्याला घासून गेलं.

ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं आधी चाकाखाली वाकून बघितलं. नवरा दुकानातून पळत आला. मुलगी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

तिला खरोखरच काही ऐकू आलं नव्हतं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन नगरला गेलो. करंजीचा घाट चढताना ती नेहमीसारखी कान दाबून कुरकुरायला लागली. आजवर मी तिला अशा वेळी लिंबाची गोळी द्यायचे आणि गप्प बसवायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला विचारलं, "काय होतं गं?" ती म्हणाली, "कान आतून कोणतरी ओढतं."

कान-नाक-घशाच्या डॉक्टर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी मुलीची ऐकण्याची तपासणी करून घेतली. काचेच्या छोट्या खोलीत तिला हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की हातातला ठोकळा डब्यात टाकायचा, असं सांगितलं. मी काचेबाहेर उभी होते. तपासणारी मुलगी एकेक बटण दाबत होती. माझी लेक ठोकळा हवेत धरून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, म्हणजे तिथून काही कळलं तर टाकता येईल. ठोकळा हवेतच राहायचा. कितीतरी वेळ राहायचा. त्या काचेबाहेर मला श्रुतलेखनाची पाटी आठवली.

"ही ओठ बघून बोलणं समजून घेते. तुमच्या लक्षात आलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. "प, ब आणि म, तिन्ही म्हणताना ओठ सारखेच मिटतात. तिथं हिचा गोंधळ होत असेल."

मी शिक्षिका आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. मला लाज वाटली.

त्यांनी समजावलं ते असं. नाकाच्या मागून कानाच्या पडद्याच्या आतपर्यंत एक बारीक नळी जाते. घाटात कान बंद होतात आणि आवंढा गिळला की टक्कन उघडतात, ते त्या नळीमुळे. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, सर्दीनं लवकर बंद होते. हिच्या नाकामागची गाठही वाढलेली होती. नळी उघडतच नव्हती. आत हवा जात नव्हती, म्हणून दोन्ही कानांत पडद्यामागे घट्ट पाणी साचलं होतं आणि डावा पडदा आत ओढला जात होता.

"औषधं देते. तीन महिन्यांनी दाखवा. पाणी गेलं नाही तर ती गाठ काढून पडद्यात एक बारीक नळी बसवावी लागेल. टाळू नका."

आम्ही टाळलं. हे लिहिताना मला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही. उन्हाळा आला, सर्दी गेली आणि मुलगी ऐकायला लागली. मागून हाक मारली तरी वळून बघायची. नवरा म्हणाला, "आता चांगली ऐकती की. लेकराला उगं कशाला भूल द्यायची?" खरं तर मलाही तेच हवं होतं. माझी मुलगी टेबलावर बेशुद्ध पडली आहे, हे चित्र मला सहन होत नव्हतं. ज्याची भीती बाळगायला हवी होती ते सोडून मी भलत्याच गोष्टीला भीत होते. तीन महिन्यांचे आठ महिने झाले.

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची गोष्ट. ती दुसरीत होती. सकाळी तिची वेणी घालताना मला वास आला. आधी वाटलं, केसांना खोबरेल जास्त झालंय. मग मी तिच्या डाव्या कानाजवळ नाक नेलं. फार दिवस ओलं राहिलेल्या फडक्यासारखा, कुजका, गोडसर वास होता. कानातून फार काही येत नव्हतं. कापूस फिरवला तर टोकाला करडा ठिपका लागला. दुखत नव्हतं, ताप नव्हता.

"दुखत न्हाई ना? मग कशाला घाबरती?" सासूबाई म्हणाल्या.

पण मी घाबरले. का ते सांगता येत नव्हतं. त्याच आठवड्यात वर्गात तिच्या शेजारी बसणारी मुलगी जागा बदलून बसली आणि म्हणाली, "मॅडम, हिच्या कानाला घाण वास येतो." माझी लेक डोकं खाली घालून बसली होती. हे मात्र तिला स्पष्ट ऐकू गेलं होतं.

आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. उशीर झाल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दुर्बिणीखाली त्या बराच वेळ कान बघत राहिल्या. मग त्यांनी स्कॅन करायला सांगितलं आणि तो आल्यावर आम्हा दोघांना आत बोलावलं. मुलीला बाहेर नर्सजवळ बसवलं.

"पडदा आत ओढून ओढून तिथं खळगा झालाय," त्या म्हणाल्या. "त्या खळग्यात मेलेली कातडी साचत जाते. तिचा गोळा होतो. तो गोळा वाढतो आणि आजूबाजूचं हाड खात जातो."

"कॅन्सर?" मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"नाही. पण जागा वाईट आहे." त्यांनी पेनाचं टोक स्क्रीनवर टेकवलं. "कानात तीन हाडं असतात, तांदळाच्या दाण्याएवढी. इथं मधलं दिसत नाही. गेलंय ते. याच्या वर मेंदू आहे, मध्ये फक्त हे पातळ हाड. आणि इथून चेहऱ्याची नस जाते."

करड्या चित्रात मला काहीच ओळखू येत नव्हतं. नवरा मात्र पुढे वाकून बघत होता. आयुष्यभर त्यानं जळालेल्या मोटारी उघडून कुठली तार कुठं गेली ते शोधलंय. त्यानं हलकेच विचारलं, "ही मधली भिंत... शाबूत आहे ना?"

"एका जागी खात्री देता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

पंधरा दिवसांनंतरची ऑपरेशनची तारीख ठरली. निघताना त्यांनी मला चार गोष्टी पाठ करून घेतल्या. तोंड वाकडं झालं, गरगरायला लागलं, तापाबरोबर उलट्या झाल्या किंवा मान ताठ झाली, तर तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शाळेत मी मुलांना पाढे सांगायचे आणि नजर हिच्यावर. ती पळताना अडखळली की माझा पाढा तुटायचा. दिवसातून दहा वेळा मी तिला जवळ घ्यायचे आणि म्हणायचे, "हस बघू. गाल फुगव. डोळे घट्ट मिट." पहिले दोन दिवस तिला तो खेळ वाटला. तिसऱ्या दिवशी ती चिडली. चौथ्या दिवशी तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मी हसले नाही तर काय होईल?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग तू रडल्यासारखी का बघते?"

मला वाटत होतं की माझी भीती मी झाकून ठेवली आहे. ओठ वाचत वाढलेल्या मुलीपुढे काय झाकून राहणार?

सहाव्या दिवशी सकाळी ती मोरीपाशी दात घासत होती. चूळ भरायला तिनं तोंडात पाणी घेतलं आणि ते डाव्या कोपऱ्यातून तिच्या फ्रॉकवर सांडलं. तिनं पुन्हा घेतलं, पुन्हा सांडलं. तिला गंमत वाटली. ती माझ्याकडे वळून हसली. हसू फक्त उजव्या बाजूला गेलं. डावा गाल जागच्या जागी राहिला आणि डावा डोळा उघडाच, माझ्यावर रोखलेला.

माझ्या हातातलं पातेलं पडलं. त्या आवाजानं नवरा बाहेर आला. सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या, त्या उठून आल्या. त्यांनी नातीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं.

"तिचं बी असंच झालं हुतं," त्या म्हणाल्या.

"कुणाचं, आत्या?"

त्या सुपातले गहू तिथंच सोडून आत गेल्या.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही निघालो. नवरा पुढे बसला, मी मुलीला घेऊन मागे. तिचा डोळा मिटत नव्हता म्हणून धूळ जाऊ नये यासाठी मी त्यावर रुमाल धरला होता. सगळ्या घाटात तिनं कानाचीही तक्रार केली नाही. मग गाडीच्या आरशात तिला स्वतःचं तोंड दिसलं. ती किंचाळली नाही, रडली नाही. तिनं रुमाल माझ्या हातातून घेतला आणि आपला सगळा चेहराच झाकून घेतला. मी तिच्या मानेला सारखा हात लावून बघत होते. मान वाकते का, ताठ नाही ना. ती माझा हात झटकायची आणि मला तेवढ्यानंच बरं वाटायचं.

डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. सुया सुरू झाल्या. ऑपरेशन परवा सकाळी, असं ठरलं. संमतीच्या कागदावर नवरा खाली सही करणार होता, मी म्हटलं, थांबा, मला वाचू द्या. ऐकू येणं पूर्ण जाऊ शकतं. चेहरा असाच राहू शकतो. मेंदूच्या आवरणाला इजा होऊ शकते. आणखी एक ओळ होती, ती मी वाचली आणि इथं लिहीत नाही. नवरा म्हणाला, "वाचून काय फरक पडणार हाय? सही तर करायचीच." त्यानं सही केली आणि पेन परत देताना त्याचं टोपण त्याच्याच्यानं बसेना.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सासूबाई एकट्या एस.टी.नं आल्या. त्या एकट्या कधी शेवगावलाही गेल्या नव्हत्या. हातात पिशवी, पिशवीत नातीची चादर. पण मुलीला तोवर आत नेलं होतं. स्ट्रेचरवरून जाताना तिनं मला विचारलं होतं, "मला आत ऐकू येईल का, कोण बोलतंय ते?" मी म्हटलं होतं, "तू झोपलेली असशील." ती म्हणाली, "मग तू मोठ्यानं बोल, मी उठले की."

आम्ही तिघं बाकावर बसलो. मी सासूबाईंच्या डाव्या बाजूला. नवरा थोड्या वेळानं उठून जिन्यात जाऊन उभा राहिला. तासभर सासूबाई पिशवीचे बंद सोडत आणि बांधत बसल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्यांना एक धाकटी बहीण होती. दोघींचे कान वाहायचे. आई-बाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा या दोघीही कारखान्यावर पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायच्या. एका हंगामात बहिणीच्या कानाच्या मागे गळू आलं. कान पुढे ढकलल्यासारखा दिसायला लागला. मग तोंड वाकडं झालं. आई-बापानं बाहेरचं काहीतरी असेल म्हणून अंगारा लावला.

"मग तिला ताप भरला. मान अशी मागं गेल्ती. हात लावला की वरडायची. उजेड नको म्हनायची. मी तिच्याजवळ बसले हुते, पानी पाजीत हुते. तिसऱ्या दिशी वरडायची थांबली. मला वाटलं, बरं वाटलं तिला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. बंद दाराकडे बघायची हिंमत होईना.

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. मला ओरडायचं होतं, पण दवाखाना होता. "कानाला काय होतंय म्हणालात तुम्ही. दरवेळी तेच म्हणालात."

"त्वांडातनं काढलं तर परत हुईल, असं वाटायचं गं. काय हुत न्हाई, काय हुत न्हाई, असं मीच मला सांगायचे. तुझ्या पोरीचा कान वाहिला का माझी झोप जायची. तेल का गरम करायची मी? बसवत नव्हतं म्हनून."

मला त्यांचा राग आला होता आणि तो तसाच राहिलाही असता. पण मीसुद्धा आठ महिने हेच करत होते. फक्त मला कुणी मेलेलं आठवत नव्हतं. मी त्यांचा हात धरला नाही. मात्र उठूनही गेले नाही. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून राहिलो. आतून एखादी नर्स बाहेर आली की आम्ही दोघी एकदम उभ्या राहायचो आणि ती नुसतीच निघून गेली की पुन्हा बसायचो.

साडेतीन तासांनी डॉक्टर आल्या. टोपी काढल्यावर त्यांच्या कपाळावर पट्टीचा वळ दिसत होता.

"वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "नसेवरचं हाड खाल्लं गेलं होतं. नस दबली होती, तुटलेली नाही. मेंदूकडचं आवरण उघडं पडलं होतं, पण फाटलेलं नाही. दिसलं तेवढं सगळं काढलंय."

"तोंड?" नवऱ्यानं विचारलं.

"वाट बघावी लागेल. येईल असं वाटतंय. ऐकण्याचं आत्ता काही सांगत नाही. आधी जीव, मग चेहरा, मग ऐकणं, या क्रमानं जायचं असतं."

सासूबाईंना नीट ऐकू आलं नव्हतं. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून सांगितलं, "आहे ती. चांगली आहे." त्या खाली बसल्या आणि चादरीत तोंड घालून रडल्या. नवऱ्यानं त्यांना तसं रडताना कधी पाहिलं नसावं. तो गोंधळून पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला.

मुलगी जागी झाली तेव्हा डोक्याभोवती मोठं पांढरं बँडेज होतं. मी वाकून मोठ्यानं तिला हाक मारली. तिनं डोळे उघडले, म्हणजे उजवा उघडला. डावा उघडाच होता. तिला उलटी झाली. मी चार गोष्टींतली एक म्हणून दचकले. नर्स म्हणाली, भुलीनं होते. त्या दिवशी तिचं प्रत्येक हलणं मला कशाची ना कशाची खूण वाटत होतं.

पुढचे तीन महिने रोज सकाळी मी तिचा चेहरा तपासायचे. या वेळी तिला हसायला सांगायचे नाही. नुसती बघायचे. डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना पापणी चिकटपट्टीनं मिटवायचे. तीन आठवडे काहीच झालं नाही. शाळेत गेली की मुलं बघायची, म्हणून ती डाव्या गालावर हात ठेवून बसायची. मी वर्गाला सांगितलं की हिचं ऑपरेशन झालंय, आणि सांगता सांगता हेही सांगितलं की पहिलीत असताना हिला ऐकू येत नव्हतं आणि मी हिला मारलं होतं, ते माझं चुकलं. ती लाजून बाकाखाली वाकली.

चौथ्या आठवड्यात डाव्या पापणीनं थोडी हालचाल केली. नवऱ्याला ते आधी दिसलं. त्यानं मला खूण करून बोलावलं. मी कितीतरी वेळ बघत राहिले आणि मग ती पुन्हा हलली, अर्धी. पूर्ण चेहरा यायला पुढचे दोन महिने लागले. अजूनही ती खूप जोरात हसली की डावा डोळा जरा बारीक होतो. ज्याला माहीत नाही त्याला कळत नाही.

डाव्या कानानं तिला फार थोडं ऐकू येतं. उजव्या पडद्यात आता नळी बसवली आहे आणि नाकामागची गाठ काढली आहे, त्यामुळे तो कान चांगला आहे. वर्गात ती पहिल्या बाकावर, डाव्या टोकाला बसते. मी फळ्याकडे तोंड करून बोलत नाही. वस्तीवरच्या कुठल्याही मुलाचा कान वाहताना दिसला की त्याच्या आईला बोलावून घेते. काही बायका मला टाळतात. मॅडम फार भीती घालतात, असं म्हणतात. घालते मी.

डॉक्टरांनी पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच सांगितलं होतं की वर्षभरानं कान पुन्हा उघडून बघावा लागेल, कारण कातडीचा एखादा कण राहिला तर तो परत वाढतो. गेल्या महिन्यात ते ऑपरेशन झालं. तोच मजला, तोच बाक. सासूबाई आदल्या दिवसापासूनच आमच्याबरोबर होत्या. या वेळी डॉक्टर तासाभरात बाहेर आल्या. मोहरीच्या दाण्याएवढा एक गोळा सापडला होता, तो काढला. बाकी कान स्वच्छ होता. मी विचारलं, "आता संपलं?" त्या म्हणाल्या, "दर सहा महिन्यांनी दाखवत राहा." मी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि त्यांनी तेच उत्तर पुन्हा दिलं.

घरी आल्यावर दोन दिवसांनी मुलगी अंगणात बसून चित्र काढत होती. मी शेजारी भाजी निवडत होते. तिनं वर न बघताच विचारलं, "मम्मी, अजून एकदा करायचं का गं ऑपरेशन?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खोटं सांगावं असं एक क्षण वाटलं होतं.

तिनं थोडा विचार केला. "बरं," ती म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक करायला लागली. मी हातातली मेथीची जुडी तशीच धरून तिच्या श्वासाकडे कान देऊन बसले. नाक चोंदलंय का, ते ऐकत.